वणावरची शस्त्रक्रिया: कधी, कशासाठी आणि तयारी कोणती

प्लास्टिक सर्जनकडे वण दाखवायला आलेला माणूस बहुतेक वेळा एकच विचारतो, "हा जाईल ना?" खरं उत्तर असं की कातडीच्या खालच्या थरापर्यंत गेलेल्या जखमेचा वण कुठल्याही शस्त्रक्रियेने पुरता जात नाही. सर्जन जुना वण कापून काढतो तेव्हा नवी जखम होते आणि तिचाही वण राहतो. पण हा दुसरा वण कुठे पडावा, कोणत्या दिशेने जावा, किती बारीक असावा, हे बरंचसं ठरवता येतं. पहिल्या वेळी कोयता निसटला होता किंवा मोटारसायकल घसरली होती, तेव्हा ठरवायला कुणाला सवड नव्हती. सगळी शस्त्रक्रिया या फरकावर उभी आहे. तो फरक पदरात पडायचा तर योग्य वेळ आणि पूर्वतयारी यांना सुरीइतकंच महत्त्व आहे, आणि या दोन गोष्टी पेशंटच्या हातात असतात. म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो आहे.

कोकणात वणांना तोटा नाही. विळीवर मासे कापताना बोट जातं, बागेत कोयता पायाला लागतो, रांगतं मूल न्हाणीतल्या कढत पाण्याशी किंवा चुलीवरून उतरवलेल्या पेजेशी जातं. काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांना टरफलातलं तेल लागतं, आंबा काढणाऱ्याच्या मानेवर देठाचा चीक उडतो. या शेवटच्या दोन गोष्टी इथेच वेगळ्या काढू. चीक आणि काजूचं तेल बहुतेक वेळा वरवरची कातडी भाजतात. ती भरून येते आणि मागे राहतो तो काळा डाग, म्हणजे जास्तीचं रंगद्रव्य. बोट फिरवून पाहा: कातडी आजूबाजूसारखीच मऊ आणि सपाट लागली तर तो डाग आहे आणि त्याला सुरीची गरज नाही. उन्हापासून जपणं, त्वचारोगतज्ज्ञाने दिलेलं मलम आणि काही महिने धीर, एवढ्यावर तो बराच फिका होतो. कातडी जाड, खोलगट, चकचकीत किंवा ओढल्यासारखी लागली, तर तो वण.

वण तयार होतो कसा? कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. निरोगी कातडीत ते जाळ्यासारखे सगळ्या दिशांनी विणलेले असतात, म्हणून कातडी कुठेही ओढा, ताणते आणि परत जागेवर येते. जखम भरताना शरीराला घाई असते. जंतू आत शिरायच्या आत भोक बुजवायचं असतं, त्यामुळे धागे एकाच दिशेने, शेजारी शेजारी टाकले जातात. त्यात घामाच्या ग्रंथी नसतात, केसांची मुळं नसतात. पहिल्या तीन आठवड्यांत जखम बाहेरून बंद दिसते, पण तिची ताकद निरोगी कातडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नसते. दीड महिन्यात ती निम्म्यावर येते. पुढे कितीही थांबलं तरी 80 टक्क्यांच्या आसपास अडते. मात्र आतली डागडुजी चालूच राहते. घाईत टाकलेले धागे काढून त्यांच्या जागी मजबूत धागे येतात, वाढलेल्या रक्तवाहिन्या ओसरतात, लाली उतरते. याला एक वर्ष, कधी दीड वर्ष लागतं.

गंमत अशी की वण सगळ्यात वाईट दिसतो तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. लाल, टणक, उंच, रात्री खाजणारा. माणूस घाबरतो तो तेव्हाच, आणि "काढूनच टाका" म्हणतो. बहुतेक सर्जन त्या वेळी हात लावत नाहीत. सहा महिने ते वर्षभर थांबवतात. थांबवलं म्हणजे टाळलं, असं समजू नका. तीन महिन्यांचा वण आणि त्याच माणसाचा वर्षाचा वण शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत, इतका फरक आपोआप पडतो. ज्याला शस्त्रक्रिया लागेल असं वाटलं होतं, त्याला कधी कधी ती लागतच नाही.

थांबू नये अशाही जागा आहेत. भाजल्याच्या वणाने पापणी खाली ओढली जाऊन डोळा मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून दृष्टी जाऊ शकते, तिथे वर्षाची वाट पाहायची नसते. तीच गोष्ट मुलांच्या सांध्यांवरच्या वणांची. मूल वाढतं, हाड वाढतं, पण वणाची कातडी त्या वेगाने वाढत नाही. लहानपणी पेज सांडून भाजलेला हात आज कोपरात जरासा वाकडा असेल, तर दोन-तीन वर्षांनी तो आणखी वाकतो. "मोठा झाला की बघू" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. सांध्यावरच्या वणाबाबत ते नुकसान करतं.

आता केलॉइडबद्दल, कारण इथे फसगत होते. साधा जाड वण कितीही उंच झाला तरी मूळ जखमेच्या हद्दीत राहतो आणि हळूहळू बसतोही. केलॉइड हद्द ओलांडतं. कान टोचल्याचं भोक सुईच्या टोकाएवढं, आणि पाळीला लोंबणारी गाठ सुपारीएवढी. छाती, खांदा, पाठीचा वरचा भाग आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत ते जास्त दिसतं आणि घराण्यातही चालतं. दंडावरचा बीसीजीच्या लशीचा वण पाहून घ्या: तो वाढून आजूबाजूला पसरला असेल तर सर्जनला आधीच सांगा. केलॉइड नुसतं कापलं तर ते बहुतेकदा परत येतं आणि पहिल्यापेक्षा मोठं येतं. म्हणून त्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं, दाब देणारी पट्टी किंवा क्लिप, काही वेळा शस्त्रक्रियेनंतर लगेच किरणोपचार, अशी जोड द्यावीच लागते. "अर्ध्या तासात गाठ काढून देतो" एवढंच सांगणाऱ्याकडे केलॉइड देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्जन वण तपासतो तेव्हा काय पाहतो ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. तो बोटांनी वणाच्या दोन्ही बाजूंची कातडी चिमटीत धरून पाहतो, सैल किती आहे याचा अंदाज घेतो. मग हात वर करायला, मान वळवायला, तोंड उघडायला सांगतो. कातडीला स्वतःचा एक ताण असतो आणि त्याला दिशा असते. कार्ल लँगर या व्हिएन्नाच्या शरीररचनातज्ज्ञाने 1861 मध्ये मृतदेहांच्या कातडीवर गोल टोच्याने भोकं पाडली, तर ती गोल न राहता लांबट झाली. भोकं कोणत्या दिशेला लांबली ते जोडत जाऊन त्याने अंगभर रेषांचा नकाशा काढला. या रेषांच्या, किंवा चेहऱ्यावर सुरकुत्यांच्या दिशेने गेलेला वण बारीक राहतो आणि लपतो. त्यांना आडवा गेलेला वण रुंदावतो. कपाळावरची आडवी जखम दिसेनाशी होते आणि उभी डोळ्यात भरते, त्याचं कारण हेच.

दिशा चुकलेला आणि ओढणारा वण सोडवायची एक जुनी युक्ती म्हणजे झेड प्लास्टी. कागदावर काढून पाहा. वण ही मधली रेघ. तिच्या एका टोकापासून उजवीकडे आणि दुसऱ्या टोकापासून डावीकडे, तिच्याशी 60 अंशांचा कोन करून, तेवढ्याच लांबीच्या दोन तिरप्या रेघा मारा. झेड तयार झाला. आता कातडीचे दोन त्रिकोण मोकळे झाले. सर्जन ते उचलतो आणि त्यांच्या जागांची अदलाबदल करतो. बाजूची सैल कातडी मध्ये येते, वणाच्या दिशेतली लांबी गणिताप्रमाणे 75 टक्क्यांनी वाढते (अंगावर त्याहून कमी मिळते), आणि मधली रेघ काटकोनात फिरते. ओढ सुटते, दिशाही बदलते. इथे कातडी बाहेरून आणलेली नाही, शेजारचीच वापरली आहे. म्हणून शेजारी सैल कातडी असणं गरजेचं. भाजल्याचा पट्टा रुंद असेल तर ही युक्ती पुरत नाही. मग आकसलेला भाग सोडवून मांडीची कातडी लावावी लागते आणि ती पुन्हा आकसू नये म्हणून पुढे कित्येक महिने सांधा ताणून धरणारा आधार (स्प्लिंट) आणि व्यायाम चालू ठेवावे लागतात.

त्या त्रिकोणांच्या टोकांशी थोडं थांबू. टोकाला रक्त पोहोचतं ते कातडीतल्या केसाहून बारीक वाहिन्यांतून. निकोटिन या वाहिन्या आवळतं. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तंबाखू चालू असेल तर टोकं काळी पडून मरू शकतात, आणि मग वण होता त्याहून वाईट होतो. सिगारेट-विडीबद्दल डॉक्टर विचारतातच. मिश्रीबद्दल बायका आपणहून सांगत नाहीत, आणि खूपदा विचारलंही जात नाही. सकाळी दात घासायला म्हणून लावलेली मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे, हिरडीतून निकोटिन रक्तात जातंच. आधी किमान चार आठवडे आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत ती बंद हवी. घरातल्या आजींना हे समजावणं अवघड असतं, पण त्यांच्या शस्त्रक्रियेचं यश निम्मं तिथेच ठरतं.

मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, मुरुमांसाठी घेतलेलं आयसोट्रेटिनोइन, वैद्याचे काढे, फिश ऑइलच्या गोळ्या, सगळं सर्जनला सांगायचं आणि स्वतःच्या मनाने काहीही बंद करायचं नाही. हृदयात स्टेंट असलेल्याने गोळी परस्पर थांबवणं वणापेक्षा कितीतरी महाग पडेल.

खाण्याबाबत आपल्याकडे पथ्यांचा सुकाळ आहे. भात खाल्ला की जखम पिकते, आंबट नको, मासे नकोत. याला आधार नाही. नवे धागे विणायला प्रथिनं लागतात, ती माशात, अंड्यात, कुळथाच्या पिठीत आहेत. आणि क जीवनसत्त्व लागतं, नाहीतर कोलॅजनचा धागा पक्का होतच नाही. 1740 मध्ये निघालेल्या जॉर्ज अ‍ॅन्सनच्या ब्रिटिश ताफ्यावर ताज्या फळांअभावी स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग, पसरला, तेव्हा ताफ्यातल्या एका माणसाच्या पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्याची नोंद आहे. इतका जुना वणसुद्धा आत सतत दुरुस्त होत असतो आणि माल संपला की उसवतो. पेरू, आवळा, लिंबू यांत हे जीवनसत्त्व भरपूर आहे. काजूच्या बोंडात तर संत्र्याच्या कितीतरी पट आहे, आणि आपण बोंडं बागेत कुजू देतो.

वेळ ठरवताना आपल्या कामाचं पंचांग बघा. यांत्रिक नौकांना 1 जूनपासून जुलैअखेर मासेमारी बंद असते. हाताची शस्त्रक्रिया करायची तर मच्छीमाराला यापेक्षा चांगला काळ नाही, ऊनही कमी असतं. मात्र ड्रेसिंग कोरडं राहील याची सोय हवी. बागायतदाराने मोहोर ते आंबा उतरेपर्यंतचे महिने टाळावेत. भात लावणाऱ्या बाईने पायाची किंवा हाताची शस्त्रक्रिया लावणीच्या तोंडावर घेऊ नये, चिखलात ताजे टाके टिकत नाहीत. शस्त्रक्रियेसाठी गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठायची असेल तर टाके काढायच्या फेरीचाही हिशोब आधीच धरा: चेहऱ्याचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, हातापायांचे दहा ते चौदा दिवसांत. सर्जनला विचारा, माझ्या वणात नक्की काय सुधारेल? दिसणं, ओढ, खाज की दुखणं? टप्पे किती? नुसत्या दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया आणि हालचाल परत मिळवण्यासाठीची शस्त्रक्रिया यांत विमा आणि सरकारी योजना फरक करतात. तेव्हा कागदावर कोणतं कारण लिहिलं जातंय ते पाहा आणि रुग्णालयात सरकारी योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राशी आधीच बोला. वण पाकट किंवा शिंगाळा माशाच्या काट्याचा असेल आणि दाबल्यावर टोचत असेल, तर तेही सांगा. आत तुकडा राहिलेला असू शकतो.

टाके निघाल्यावर काम संपत नाही. कागदी चिकटपट्टी काही आठवडे वणावर राहिली की तो रुंदावत नाही. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी दिवसाचे निदान बारा तास, दोन-तीन महिने लावायची असते. आपल्या दमट हवेत तिच्याखाली घामोळं येतं, म्हणून थोड्या तासांपासून सुरुवात करावी, रोज धुवावी, नाहीच सोसली तर सिलिकॉनचं जेल घ्यावं. मालिशला खोबरेल किंवा मुठेल चालेल, पण गुण बोटांच्या दाबाचा असतो. उघड्या जखमेवर काहीच चोळू नये. लाली असेपर्यंत, म्हणजे वर्षभरसुद्धा, नव्या वणाला ऊन लागू देऊ नये. पाण्यावरून परतणारं ऊनही मोजावं. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन हवं.

जखम पुरती मिटेपर्यंत समुद्रात उतरू नका, कच्चे मासे-कुर्ल्याही साफ करू नका. कोमट खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओ जातीचे जंतू उघड्या जखमेतून शिरले तर काही तासांत संसर्ग हाताबाहेर जाऊ शकतो, विशेषतः यकृताचा आजार किंवा मधुमेह असेल तर. ताप, वाढती लाली, पू, ठणका, कडेची कातडी काळपट होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात जखम दाखवा.