कळलावी मेलेली नाही, झोपली आहे

दिवाळी झाली की कळलावीचा वेल पिवळा पडतो, बघता बघता काडीसारखा वाळतो आणि जरा ओढला की हातात येतो. कुंडीत उरते नुसती माती. बहुतेक कळलाव्या इथेच हातच्या जातात. वेल जगावा म्हणून कुणी रोज पाणी घालतं, कुणी ती माती दुसऱ्या रोपाला वापरून टाकतं. पहिल्या वर्षी मीही पाणीच घालत राहिलो. जानेवारीत माती उकरली तेव्हा कंदाचा लगदा झाला होता.

वेल वाळतो, झाड मरत नाही. पावसाळाभर पानांनी बनवलेलं अन्न स्टार्चच्या रूपाने कंदात साठतं. जूनमध्ये ज्या कंदातून वेल फुटला तो सुकत जातो आणि त्याच्या जागी नवा, दोन फाट्यांचा कंद तयार होतो. संस्कृतात हिला लांगली म्हणतात, म्हणजे नांगरासारखी. कंद हातात घेतला की नाव पटतं. बटाट्याला जागोजागी डोळे असतात, हिच्या कंदाच्या प्रत्येक फाट्याला मात्र टोकाशी एकच. ते टोक मोडलं तर बाकीचा कंद कितीही टपोरा असो, कोंब येत नाही. म्हणून कंद काढायचाच असेल तर बाजूची माती हाताने मोकळी करत काढावा. खरं तर कुंडी पावसापासून आडोशाला ठेवून मेपर्यंत विसरून जाणं सर्वांत चांगलं.

लावताना कंद आडवा, दोन-तीन इंच खोल. मातीत वाळू किंवा बारीक मुरूम हवा, पाणी तुंबता कामा नये. बांबूचा जाड खांब हिच्या कामाचा नाही, कारण ही चढते पानांच्या टोकांनी. प्रत्येक पान शेवटी निमुळतं होऊन वेलाच्या आधार पकडणाऱ्या तंतूसारखं वळतं आणि त्या वेटोळ्यात सुतळी किंवा बारीक काटकीच मावते. जंगलात ती झुडपांच्या अंगावर चढते ती अशीच.

फूल मात्र निवांत पाहावं. कळी हिरवी आणि खाली मान घातलेली. उमलताना सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात. कडा नागमोडी, बुडाशी पिवळ्या, टोकाशी लाल, आणि दिवसागणिक लाली खाली उतरत सगळं फूल लाल होतं. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरतात. स्त्रीकेसर बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जातो. मधासाठी आलेल्या फुलपाखराचे पंख पुंकेसरांना घासतात आणि पराग पुढच्या फुलाकडे जातात. कोकणात गौरीच्या सणाला या फुलांचा मान असतो, तिथे त्यांना ‘गौरीचे हात’ म्हणतात.

आता सर्वांत महत्त्वाचं: कळलावी पूर्ण विषारी आहे, कंद तर फारच. तो रताळ्यासारखा दिसतो म्हणून खाल्ला जाऊन माणसं दगावली आहेत. त्यातलं कोल्चिसिन पेशीविभाजन अडवतं: गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे धागेच ते बनू देत नाही. हेच द्रव्य अगदी अल्प मात्रेत गाऊट या सांधेदुखीवर दिलं जातं, आणि त्यासाठीच तामिळनाडूत बियांकरिता कळलावीची शेती होते. हे त्या राज्याचं राज्यफूलही आहे. नावातली ‘कळ’ बाळंतपणाची. पूर्वी त्यासाठी कंद वापरत. आज तो प्रयोग कुणीही करू नये. हातमोजे घालूनच कंद हाताळावा. घरात लहान मुलं किंवा गुरं-कुत्री असतील तर कुंडी त्यांच्या वाटेत नको.

आणि कंद रानातून खणून आणू नका. औषधासाठी ते आधीच खूप उपसले गेले आहेत. शेंग तडकली की आत लालभडक बिया दिसतात, त्या चार-दोन आणून पेरा. उगवायला वेळ लागतो, फुलायला तीन-चार पावसाळे जातात. पहिल्या वर्षी गवताच्या पात्याएवढं रोप येईल आणि दिवाळीनंतर तेही नाहीसं होईल. तेव्हा माती उकरू नका.