शाखा की स्वतंत्र संस्था? सचिवपद स्वीकारण्याआधी एवढं तपासा

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात व्यावसायिकांची कुठलीही संघटना घ्या, बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, रविवारी सकाळी व्याख्यान, मग नाश्ता आणि निवडीनंतर पेपरात फोटो. त्यामुळे कार्यकारिणीत नव्याने आलेला माणूस आधीच्या संघटनेत जे पाहिलं तेच इथेही करू लागतो. पण यातल्या काही संघटना केंद्रीय संस्थेच्या शाखा असतात, तर काही स्वतःच्या नोंदणीवर उभ्या असतात. दोन्हींचा कारभार मुळातच वेगळा आहे. तरी हा घोळ दर निवडणुकीनंतर नव्याने होतो आणि निस्तरावा लागतो तो पुढच्या कार्यकारिणीला.

आधी एक किरकोळ गोष्ट बाजूला करू. वैद्यक परिषदेची किंवा बार कौन्सिलची नोंदणी म्हणजे व्यवसाय करण्याचा अधिकार. संघटनेचं सभासदत्व त्याहून निराळं. सीएंचं जरा वेगळं आहे: १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली एकच संस्था सभासदत्वही देते आणि तिच्याच शाखा सांगलीत व साताऱ्यात आहेत. एवढं पुरे.

स्वतंत्र संस्था बहुतेकांच्या ओळखीची असते. किमान सात जण एकत्र येतात, घटना लिहितात आणि १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करतात. महाराष्ट्रात तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद होते, म्हणून तिला दोन नंबर असतात. दुसरा ‘एफ’ने सुरू होतो. लेटरहेडवर हे दोन्ही नंबर छापलेले असावेत. नुसतं ‘रजि.’ छापून पुढे काहीच न लिहिणं आम्हाला मुळीच मान्य नाही. नंबर असेल तर लिहा, नसेल तर ‘रजि.’ काढा.

आता खरा मुद्दा. शाखेला सहसा स्वतःचं वेगळं कायदेशीर अस्तित्व नसतं. बँकेच्या विश्रामबाग शाखेचा व्यवस्थापक बँकेच्या नावाने सही करतो, विश्रामबाग शाखा ही वेगळी बँक नसते. व्यावसायिक संस्थेच्या शाखेचंही तसंच आहे. करार, खातं, शिल्लक, इमारत, सगळं अखेर मातृसंस्थेचं. शाखेची कार्यकारिणी ते वापरते, सांभाळते आणि वर हिशेब देते. स्वतंत्र संस्थेची कार्यकारिणी मात्र धर्मादाय कार्यालयाला आणि आपल्या सर्वसाधारण सभेला उत्तरदायी असते, वर कुणी नाही.

हा फरक सगळ्यात आधी पैशात चावतो. पद घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात खजिनदाराकडून पॅन मागून घ्या आणि त्यावरचं नाव वाचा. मातृसंस्थेचं नाव असेल तर तुम्ही शाखा चालवताय. तुमच्या संघटनेचं असेल तर संस्था. आणि पॅनचं चौथं अक्षर ‘पी’ असेल तर तो पॅन एका माणसाचा आहे, संघटनेचा नाहीच. असं आढळलं की त्या खात्यात आणखी एक रुपयाही घेऊ नका.

हे होतं कसं तेही सांगतो. परिसंवाद ठरतो, सिमेंटची किंवा सॉफ्टवेअरची एखादी कंपनी प्रायोजक होते आणि बिल मागते. शाखेकडे पॅन हाताशी नसतो, मातृसंस्थेला पत्र पाठवायला वेळ नसतो, म्हणून कुणीतरी स्वतःचा पॅन देऊन टाकतो. कंपनी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापते आणि तो भरते त्या माणसाच्या पॅनवर. ती सगळी रक्कम आयकराच्या पोर्टलवर त्याचं उत्पन्न म्हणून दिसते. पुढे नोटीस येते तेव्हा परिसंवाद कधीच विसरलेला असतो आणि पावत्या कुठे आहेत ते कुणालाच माहीत नसतं. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड नोंदणीच्या टेबलावर ठेवणं हा त्याच चुकीचा धाकटा भाऊ. ‘एका दिवसाचाच तर प्रश्न आहे’ ही सबब इथे चालत नाही.

शाखेत योग्य क्रम असा: कार्यक्रमाचं अंदाजपत्रक मातृसंस्थेच्या नियमांत बसवून मंजूर करून घ्यायचं, बिल तिच्या पॅनवर आणि लागू असेल तिथे तिच्या जीएसटी क्रमांकावर काढायचं, पैसे अधिकृत खात्यात घ्यायचे. खात्यावरच्या सह्या बदलायच्या तर बँक वरून आलेलं अधिकारपत्र मागते. फक्त स्थानिक ठराव नेऊन काउंटरवर वाद घालू नका, बँकेचं बरोबर असतं.

स्वतंत्र संस्थेत सह्या बदलताना दुसरीच अडचण येते. बँक धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा, म्हणजे संस्थेच्या नोंदीचा, उतारा मागते आणि त्यावर जुन्याच मंडळींची नावं असतात. याचं कारण राहून गेलेला चेंज रिपोर्ट, म्हणजे नोंदीतल्या बदलाची त्या कार्यालयाला द्यायची माहिती. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत तो दाखल करायचा असतो. सोबत सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरी, इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रं आणि कुणी राजीनामा दिला असेल तर तो. यातला पोचल्याचा पुरावाच नेमका हरवतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला निरोप म्हणजे नोटीस नव्हे, तुमच्या घटनेत तसं लिहिलेलं नसेल तर. आमचा आग्रह जुन्या पद्धतीचा आहे: सहीचं रजिस्टर किंवा टपालाच्या पावत्या, इतिवृत्ताला चिकटवून.

एक चेंज रिपोर्ट राहिला की पुढचाही अडखळतो. हरकत घेणारा विचारतो, ही सभा बोलावणाऱ्यांची नावं तरी नोंदीवर आहेत का? मग विलंबमाफीचा अर्ज, जुन्या सचिवाचा शोध, हजेरीवरच्या सह्यांची ओळख पटवणं. शाखेला यातलं काहीच करावं लागत नाही, ठरलेल्या नमुन्यात वर माहिती पाठवली की झालं. म्हणूनच शाखेत वावरलेला माणूस स्वतंत्र संस्थेचा सचिव झाला की ९० दिवस कधी उलटले हे त्याला कळतच नाही.

उलट बाजूचीही चूक होते. शाखेच्या सभेत हात वर करून कार्यकारिणीतल्या जागा वाढवतात, मुदत बदलतात, वर्गणी ठरवतात. ते अधिकार मातृसंस्थेच्या नियमांत असतात, ठराव कितीही एकमताने झाला तरी त्याला किंमत नाही. स्वतंत्र संस्थेला बदल करता येतो, पण सोपा नाही. उद्दिष्टं बदलायची तर १८६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विशेष सभेत तीन पंचमांश मतं लागतात आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत तितक्याच मतांनी ते कायम करावं लागतं.

इमारतीचं थोडक्यात. स्वतंत्र संस्थेचा हॉल विकायचा किंवा तीन वर्षांहून जास्त काळासाठी भाडेपट्ट्याने द्यायचा तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली आधी परवानगी हवी. शाखेने स्वतःच्या जोरावर हा विषय सभेपुढे आणूच नये.

काही शाखांनी स्वतंत्र नोंदणीही करून घेतलेली असते. तिथे दोन्ही नियम लागू होतात आणि काम दुप्पट होतं. मातृसंस्थेच्या नियमांत परवानगी आहे का हे न पाहता केवळ देणग्या घ्यायला सोयीचं म्हणून तेच नाव घेऊन वेगळी नोंदणी करू नये, हे आमचं स्पष्ट मत.

सभासद होतानाही फरक आहेच. शाखेत अर्ज मातृसंस्थेकडे जातो आणि सीएंसारख्या संस्थांत तुमची शाखा नोंदवलेल्या व्यावसायिक पत्त्यावरून ठरते. कराडला ऑफिस थाटलं पण नोंदीत पत्ता पुण्याचाच राहिला, तर साताऱ्याच्या मतदारयादीत नाव येणार नाही आणि उमेदवारीही बाद होईल. निवडणूक जाहीर झाल्यावर नव्हे, ऑफिस बदललं त्याच महिन्यात पत्ता बदला. स्वतंत्र संस्थेत पत्त्यापेक्षा वर्गणी महत्त्वाची. तीन महिन्यांहून जास्त थकबाकी असलेल्या सभासदाला १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणतीही होत नाही. म्हणून सभेची नोटीस काढण्याआधी खजिनदाराच्या सहीची थकबाकीदारांची यादी सचिवाच्या हातात हवी. सभेच्या दारात वर्गणी घेऊन लगेच मतपत्रिका देण्याआधी घटना काय म्हणते ते वाचा, कारण निवडणुकीवर हरकत आली की पहिली मागणी वर्गणीच्या पावतीपुस्तकाचीच होते.