शरीराबाहेरचं पचन: बुरशी लाकूड कसं फोडते

कोरड्या लाकडात ४० ते ५० टक्के सेल्युलोज असतं. सेल्युलोज म्हणजे हजारो ग्लुकोज रेणूंची सरळ साखळी. अशा साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की मधे पाणीही सहजासहजी शिरत नाही. हा घास बुरशीच्या पेशीत मावणारा नाही. म्हणून ती एन्झाइम, म्हणजे रेणू तोडणारी प्रथिनं, बाहेर सोडते आणि सुटलेली साखर शोषून घेते.

हे काम एकट्यादुकट्या एन्झाइमचं नव्हे. एंडोग्लुकानेज साखळी मधेच तोडतं आणि नवी टोकं उघडी करतं. सेलोबायोहायड्रोलेज टोक धरून साखळी सोलत जातं आणि दोन ग्लुकोजची जोडी, म्हणजे सेलोबायोज, सोडत राहतं. त्या जोडीचे दोन ग्लुकोज करतं बीटा-ग्लुकोसिडेज. हे शेवटचं एन्झाइम कमी पडलं की सेलोबायोज साचतं आणि मागचं सगळं काम अडवतं.

एन्झाइम हे प्रथिन. त्याला नायट्रोजन लागतो आणि लाकडात तो फारच थोडा. म्हणून अनेक बुरश्या आधी जेमतेम एन्झाइम सोडतात. सेल्युलोजमधून सुटलेले तुकडे पेशीला जाणवले, की एन्झाइमची जनुकं जोरात सुरू होतात. आयतं ग्लुकोज मिळालं, की बंद! बुरशी वाढवायच्या माध्यमात ग्लुकोज राहिलं तर बुरशी फोफावते, एन्झाइम मात्र मिळत नाही, ते यामुळेच.

बुरशी सेल्युलोज तोडते का, याची तपासणी सोपी आहे. १ टक्का कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज (पाण्यात विरघळणारं सेल्युलोजचं रूप) घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमावर, बुरशी वाढवा. मग सेल्युलोजला चिकटणाऱ्या काँगो रेड या लाल रंगाचं ०.१ टक्का द्रावण ओतून १५ मिनिटं ठेवा आणि मिठाच्या पाण्याने (लिटरला ५८ ग्रॅम) धुवा. जिथे सेल्युलोज तुटलं, तिथे लाल रंग टिकत नाही. वाढीभोवती फिकट कडं दिसतं. पण हे कडं मुख्यतः एंडोग्लुकानेजचं. स्फटिकी, म्हणजे घट्ट रचलेल्या साखळ्यांचं, सेल्युलोज फुटतं का, हे पाहायला फिल्टर पेपरच वापरावा.

तपकिरी कूज (लाकूड तपकिरी करून कुजवणं) करणाऱ्या बुरश्यांची रीत वेगळी, आणि मला तीच सर्वांत विलक्षण वाटते. लाकडाच्या पेशीभित्तिकेतली छिद्रं एन्झाइमपेक्षा लहान असतात. या बुरश्या लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे अतिशय क्रियाशील छोटे कण, तयार करतात. ती भित्तिकेच्या आतच साखळ्या तोडतात. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन मागे उरतं, लाकूड तपकिरी होतं आणि चौकोनी तडे जातात. वजन फारसं घटण्याआधीच ताकद गेलेली असते. लाकडातला ओलावा कायम २० टक्क्यांखाली ठेवला, तर ही कूज सुरूच होत नाही.