स्टॅकिंग किट वेगळं, रॅक वेगळा

ड्राय बाल्कनीत किंवा पीजीच्या कोपऱ्यात दोन-तीन वॉशिंग मशीन बसवायची म्हटलं की दुकानात हमखास ‘स्टॅकिंग किट’ सुचवलं जातं. किट घ्या, एकावर एक चढवा, जागा वाचली. सांगायचं राहून जातं ते एवढंच, की घरगुती मशीनचं किट वॉशिंग मशीनवर ड्रायर बसवण्यासाठी बनवलेलं असतं. वरचंही मशीन धुण्याचंच हवं असेल, तर लागतो स्वतःच्या पायांवर उभा राहणारा लोखंडी रॅक.

फरक आहे तो भार कुठून खाली उतरतो यात. किटमध्ये वरच्या यंत्राचं सगळं ओझं खालच्या मशीनच्या पत्र्यातून जमिनीवर जातं. हीट पंप ड्रायर साधारण ५० ते ६० किलोचा असतो आणि त्याचा ड्रम सावकाश फिरतो, त्यामुळे पत्रा तग धरतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीन रिकामंच ६० ते ७५ किलोचं, त्यात पाणी आणि ओले कपडे. खरा त्रास मात्र वजनाचा नाही, स्पिनचा. मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या वेगात ड्रमच्या एका कडेला अर्धा किलोचा असमतोल राहिला, तर हिशेबाने सुमारे १९० किलो वजनाइतकी ओढ तयार होते, आणि तिची दिशा सेकंदाला २० वेळा फिरते. ड्रमला धरणाऱ्या स्प्रिंग आणि डॅम्पर (धक्के शोषणारे दांडे) त्यातलं बरंच गिळतात. उरलेलं खालच्या मशीनच्या पत्र्यावर. काही दिवसांत स्क्रू सैल होतात, वरचं मशीन सरकू लागतं.

किट बसवताना खालचं आणि वरचं यंत्र एकाच कंपनीचं असेल तर झंझट कमी. नाहीतर दोन्ही यंत्रांचं पुढून मागपर्यंतचं माप जुळत नाही. ‘युनिव्हर्सल’ किटमध्ये पट्टा असतो, तो ड्रायर पुढे सरकू देत नाही, पण मापं चुकली असतील तर तोही काही करू शकत नाही. आधी खालच्या मशीनचे ट्रान्सपोर्ट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागे लावलेले बोल्ट, काढा (हे विसरणारे कमी नाहीत), मग स्पिरिट लेव्हल ठेवून चारही पाय टेकवा, पायांचे लॉकनट (पाय फिरू न देणारे नट) आवळा, एकदा स्पिन चालवून पाहा आणि मगच ड्रायर चढवा. पायाखाली मऊ रबरी पॅड नकोत: खाली मिलिमीटरभर झुललेलं वर जास्त झुलतं.

रॅकचं काम फॅब्रिकेटरकडून करून घ्या. ५० × ५० × ५ मिमीचा अँगल, मागे आणि दोन्ही बाजूंना तिरपे आधार, पायाखाली प्लेट. तिरपे आधार वाचवले की रॅक वजन पेलतो, पण स्पिनला डुलतो. वर ५ मिमी चेकर्ड प्लेट आणि मशीन चालत पुढे येऊ नये म्हणून कडेला ३० मिमीची पट्टी. रॅक भिंतीला बांधायचा तो आरसीसीत, म्हणजे सळयांच्या काँक्रीटमध्ये. चार इंची विटांच्या किंवा एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीत अँकर बोल्ट हळूहळू सुटतो. वरच्या मशीनखाली ट्रे हवाच आणि त्याला निकास पाइप. गळती झाली तर पाणी थेट खालच्या मशीनच्या कंट्रोल बोर्डावर उतरतं.

उंचीचा हिशेब बहुतेकांचा इथेच चुकतो. खालचं मशीन ८५ सेमी, वर ५ सेमी मोकळी जागा, मग रॅकची जाडी: म्हणजे वरचं मशीन सुमारे ९६ सेमीवर बसणार आणि त्याचा पावडरचा ड्रॉवर १७० सेमीच्या पुढे. पाच फूट उंचीच्या बाईला तो स्टुलाशिवाय दिसणारही नाही. म्हणून जागा असेल तर वॉशिंग मशीन शेजारी-शेजारी आणि वर ड्रायर, हेच बरं. वर्षातले बरेच महिने कपडे दोरीवर वाळणाऱ्या गावात ड्रायरचा खर्च नको वाटतो, हे खरं. रॅकचा विचार तेव्हाच करावा. टॉप लोडला दोन्ही मार्ग बंद, कारण झाकण वर उघडतं.

शेजारी-शेजारी बसवतानाही टेप लावून पाहा. सहा फूट म्हणजे १८३ सेमी. ६० सेमीची तीन मशीन १८० सेमी घेतात, पण दोन्ही कडांना आणि मधे २-२ सेमी सोडले की १८८ होतात. तीन बसत नाहीत. मागे नळीसाठी ५ ते १० सेमी धरा.

रॅकवरच्या मशीनचा एक वेगळाच रोग: पाणी भरतच राहतं, धुणं सुरू होत नाही. ड्रेनची नळी सरळ खाली सोडली की सायफन होऊन, म्हणजे नळीतलं खाली जाणारं पाणी मागचं पाणी ओढत नेऊन, मशीन आपोआप रिकामं होत राहतं. नळीचा वाक वरच्या मशीनच्या पायापासून ६० ते १०० सेमी उंच न्या आणि तिथेच ती उभ्या पाइपात सैल सोडा, हवाबंद करू नका.

वीज: हीटर असलेलं मशीन २००० ते २२०० वॉट घेतं, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट आणि एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच), वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). मल्टिप्लग नको. शेवटी दोन्ही मशीन एकाच वेळी ड्रेनवर सोडा आणि नहाणी ट्रॅपकडे पाहा. पाणी वर येत असेल तर जाळी काढून ट्रॅप साफ करा. तरीही येत असेल तर दोन्ही नळ्या एका ७५ मिमीच्या उभ्या पाइपात घ्या.