आक्रसत गेलेले घर : बियाफ्राचे युद्ध आणि एक कादंबरी

नायजेरियातल्या न्सुका विद्यापीठाच्या आवारातल्या एका बंगल्यात तेरा वर्षांचा उग्वू घरकामाला येतो. नळ सोडला की पाणी येते, फ्रीज उघडला की आत कोंबडी दिसते, याचेच त्याला अप्रूप. पहिल्या रात्री तो कोंबडीचे तुकडे चड्डीच्या खिशात भरून ठेवतो, गावाकडच्या बहिणीसाठी. त्याचा मालक ओडेनिग्बो गणिताचा प्राध्यापक आहे. बंगल्याच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी विद्यापीठातली मंडळी जमतात, दारू पितात, तावातावाने भांडतात. त्यांच्यात बिअरमध्ये कोकाकोला मिसळून पिणारे एक डॉ. पटेलही आहेत. उग्वू स्वयंपाकघराच्या दारातून ते सगळे ऐकत असतो. त्याला इंग्रजी पुरते कळत नाही, पण एकही शब्द निसटू नये अशी त्याची धडपड असते.

चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘हाफ ऑफ अ यलो सन’ ही कादंबरी २००६ साली आली, ती इथून सुरू होते. अदिचींचा जन्म १९७७ चा, म्हणजे ज्या युद्धावर ही कादंबरी आहे ते संपून तेव्हा सात वर्षे झाली होती. त्या वाढल्या न्सुकातच. वडील तिथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. दोन्ही आजोबा मात्र त्यांनी पाहिलेच नाहीत. ते त्या युद्धात गेले, आणि कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत त्यांची नावे आहेत.

मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली ती ओडेनिग्बोची जोडीदार ओलाना आणि तिची जुळी बहीण काइनेने या दोघींसाठी. दुसऱ्यांदा नायजेरियाचा नकाशा शेजारी उघडा ठेवून वाचली, आणि तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. या कुटुंबाची राहण्याची जागा आणि त्यांचा देश एकाच गतीने लहान होत जातात. तो नकाशा मनात असेल तर कादंबरी दुप्पट वाचली जाते, म्हणून ही पार्श्वभूमी.

दिवाणखान्यातल्या एका वादापासूनच सुरुवात करू. ओडेनिग्बो ठणकावून सांगतो की माझी खरी ओळख माझी जमात आहे. नायजेरियन मला गोऱ्यांनी केले, इग्बो मी त्यांच्याही आधीपासून आहे. त्यावर त्याचा सहकारी एझेका उलटा सवाल करतो : सगळे इग्बो मिळून एक, ही जाणीव तरी तुला कुणामुळे झाली? गोऱ्यांच्या राज्यामुळेच ना? पुढच्या दहा वर्षांत लाखो माणसे ज्या प्रश्नापायी मेली, तो इथे हसतखेळत, हातात ग्लास घेऊन विचारला जातो. अदिचींनी हा वाद कुणालाच जिंकू दिलेला नाही. माझ्या मते ती त्यांची मोठी समज आहे.

नायजेरिया नावाचे एकसंध राज्य १९१४ मध्ये तयार झाले. ब्रिटिशांनी उत्तर आणि दक्षिण असे दोन स्वतंत्र कारभार लुगार्ड या गव्हर्नरच्या हाताखाली एकत्र जोडले. दक्षिणेत बंदरे होती, जकातीचे उत्पन्न होते. उत्तरेच्या तिजोरीत तूट होती. जोडणी झाली तरी राज्य करण्याच्या पद्धती वेगळ्याच राहिल्या. उत्तरेत हौसा-फुलानी अमीरांच्या हातून कारभार चालला आणि मिशनरी शाळांना फारसा वाव मिळाला नाही. पूर्वेकडच्या इग्बो मुलखात त्या शाळा गावोगाव पोचल्या. तिथून शिकलेली पोरे कारकून, रेल्वेचे कर्मचारी, व्यापारी होऊन उत्तरेच्या शहरांत गेली आणि ‘साबोन गारी’ या परक्यांसाठी राखलेल्या वस्त्यांत राहू लागली. ओलानाचे मामा-मामी कानोच्या अशाच साबोन गारीत राहतात. ओलाना त्यांच्याकडे जाते तेव्हा त्या अंगणात तिला लागोसच्या बापाच्या श्रीमंत घरापेक्षा जास्त मोकळे वाटते. वाचकालाही ती जागा आवडते. पुढे तिथे काय होणार आहे, याची कल्पना त्याला नसते.

१ ऑक्टोबर १९६० ला देश स्वतंत्र झाला. पुढची पाच वर्षे जनगणनेवरून आणि निवडणुकांवरून भांडणांत गेली. १५ जानेवारी १९६६ च्या पहाटे काही तरुण मेजरांनी बंड केले. पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा, उत्तरेचे सर्वेसर्वा अहमदू बेल्लो आणि पश्चिमेचे मुख्यमंत्री अकिंतोला मारले गेले. बंडवाल्यांत बहुतेक जण इग्बो होते आणि मेलेल्या पुढाऱ्यांत इग्बो जवळपास नव्हते. त्यांचा हेतू भ्रष्ट राज्यकर्ते हटवण्याचा होता असे ते म्हणत. उत्तरेने मात्र त्यात जमातीचा डाव पाहिला. सत्ता आली जनरल आगुयी-इरोन्सी यांच्या हाती, तेही इग्बो. त्यांनी मे महिन्यात संघराज्य मोडून एककेंद्री कारभार जाहीर केला आणि उत्तरेतल्या संशयाला पक्के कारण मिळाले. २९ जुलैला उलट बंड झाले, इरोन्सी मारले गेले, याकुबू गोवोन सत्तेवर आले. मे महिन्यात सुरू झालेल्या कत्तली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिगेला पोचल्या. हजारो इग्बो मारले गेले आणि दहा लाखांहून जास्त माणसे पूर्वेकडे पळाली.

कादंबरी या आकड्यांत कधीच अडकत नाही. तिथे आहे कानोच्या विमानतळावरचा जकात खात्यातला एक तरुण, ज्याला बंदूक रोखून ‘अल्लाहू अकबर’ म्हणायला सांगितले जाते आणि तो म्हणत नाही, कारण उच्चारावरून तो इग्बो म्हणून ओळखला जाणार असतो. मामाच्या अंगणातली प्रेतेही आहेत. आणि आहे दक्षिणेकडे निघालेली खच्चून भरलेली गाडी. त्या गाडीत ओलानाच्या शेजारची बाई मांडीवर भोपळ्याचे भांडे घेऊन बसली आहे. ती झाकण उघडून दाखवते. आत तिच्या मुलीचे शीर आहे, आणि ती त्या मुलीच्या वेण्यांबद्दल बोलते. किती वेळ लागायचा घालायला, केस किती दाट होते. प्रेतांनी आणि निर्वासितांनी भरलेल्या गाड्या म्हटले की आपल्याला १९४७ आठवते. मला तर ही पाने वाचताना मधेच पुस्तक मिटावे लागले होते.

जानेवारी १९६७ मध्ये घानातल्या अबुरी इथे गोवोन आणि पूर्वेचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांच्यात तडजोड झाली, पण तिचा अर्थ दोघांनी वेगवेगळा लावला. २७ मे रोजी गोवोननी देशाची बारा राज्ये केली. त्यात पूर्व विभागाचे तीन तुकडे झाले, आणि खनिज तेलाचा बराचसा मुलूख इग्बोंच्या हाताबाहेर गेला. ३० मे १९६७ ला ओजुक्वूंनी बियाफ्रा हे स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले. त्याच्या ध्वजावर लाल, काळा आणि हिरवा पट्टा होता, आणि मधोमध अर्धा उगवलेला पिवळा सूर्य. कादंबरीचे नाव त्या सूर्यावरून आले आहे. त्याला अकरा किरणे, पूर्वेच्या अकरा प्रांतांसाठी.

६ जुलैला युद्ध सुरू झाले आणि न्सुका सीमेलगत असल्याने आठवडाभरातच पडले. ओडेनिग्बोचे बिऱ्हाड घाईघाईत निघते. चार दिवसांत परत येऊ अशा समजुतीने पुस्तके तिथेच राहतात. ते आधी त्याच्या गावी, अब्बाला, जातात. ४ ऑक्टोबरला राजधानी एनुगू पडते, अब्बाही सोडावे लागते, मुक्काम उमुआहियाला. तिथे ओलाना आणि ओडेनिग्बो लग्न करतात आणि त्याच दिवशी विमाने बॉम्ब टाकून जातात. बंगल्याच्या जागी साधे घर येते. मग घर जाते आणि चाळीसारख्या वाड्यात एक खोली मिळते, जिथे संडास सगळ्यांना मिळून एकच. तिकडे काइनेने राहते ते पोर्ट हारकोर्ट बंदर मे १९६८ मध्ये जाते आणि बियाफ्राचा समुद्राशी संबंध तुटतो. ती ओर्लूला येऊन निर्वासितांची छावणी चालवू लागते. उमुआहिया एप्रिल १९६९ मध्ये पडते, तेव्हा ओलाना आणि ओडेनिग्बो तिच्याच आसऱ्याला येतात. तोवर देशाचा लहानसा तुकडाच उरलेला असतो.

भुकेबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण या युद्धात सर्वात जास्त माणसे तिनेच मारली. नायजेरियाने जमीन, समुद्र आणि आकाश तिन्हीकडून नाकेबंदी केली. बियाफ्रात प्रथिने मुख्यतः बाहेरून यायची : उत्तरेतून गुरे, परदेशातून सुके मासे. ती थांबली आणि मुलांना क्वाशिओरकोर झाला. पोट फुगलेले, केस तांबूस, हातपाय काड्यांसारखे. १९६८ च्या उन्हाळ्यात ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ही मुले आली आणि जग हळहळले. चर्चसंस्था साओ टोमे बेटावरून रात्रीच्या अंधारात विमाने पाठवत. ती उतरत उली इथे, रुंद करून धावपट्टी बनवलेल्या एका रस्त्यावर. सरकारांचे हिशेब मात्र वेगळे होते. ब्रिटन आणि सोव्हिएत संघ, शीतयुद्धातले दोन विरोधक, इथे दोघेही नायजेरियाला शस्त्रे देत होते. फ्रान्स बियाफ्राला गुपचूप मदत करत होता. टांझानिया, गॅबॉन, आयव्हरी कोस्ट, झांबिया आणि हैती या मोजक्या देशांनी बियाफ्राला मान्यता दिली. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. एवढी मोठी तफावत असण्याचे कारण साधे आहे : मेलेल्यांची मोजदाद करणारे कुणी नव्हते.

कादंबरीची रचना या इतिहासाच्या सरळ क्रमाने जात नाही. साठच्या दशकाची सुरुवात, मग शेवट, पुन्हा सुरुवात, पुन्हा शेवट, असे चार भाग आहेत. दुसऱ्या भागात कत्तली आणि युद्ध येते तेव्हा दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नसतात, आणि का ते आपल्याला माहीत नसते. तिसरा भाग मागे जाऊन ते सांगतो : ओडेनिग्बोच्या आईने खेड्यातली मुलगी घरात आणली, तिला त्याच्यापासून मूल झाले, दुखावलेली ओलाना काइनेनेच्या इंग्रज जोडीदारासोबत, रिचर्डसोबत, एक दुपार घालवते. देशाच्या फुटीआधीच घर फुटलेले असते. पुढे काइनेने बहिणीला अशा अर्थाचे बोलते की काही गोष्टी इतक्या अक्षम्य असतात की त्यांच्यापुढे बाकीच्या सहज माफ करता येतात. कादंबरीतले खासगी आणि सार्वजनिक आयुष्य इथे खऱ्या अर्थाने एकमेकांत मिसळते असे मला वाटते. युद्ध या दोघींच्या भांडणाची पार्श्वभूमी म्हणून येत नाही, ते भांडणाचे वजनच बदलून टाकते.

आणि उग्वू. त्याला रस्त्यातून पकडून सैन्यात नेतात. तिथे तो एका बारमधल्या मुलीवरच्या सामूहिक बलात्कारात सामील होतो. अदिचींनी त्याला निष्पाप राहू दिले नाही, आणि तरीही त्याच्यावरची माया काढून घेतली नाही. मधूनमधून एका पुस्तकाची पाने येतात, ‘आम्ही मेलो तेव्हा जग गप्प होते’ अशा अर्थाच्या शीर्षकाची. बराच काळ आपण ते रिचर्ड लिहितो आहे असे धरून चालतो. शेवटी कळते की ते उग्वूचे आहे. स्वयंपाकघराच्या दारातून ऐकणाऱ्या पोराने ते लिहिले.

१५ जानेवारी १९७० ला युद्ध संपले. गोवोननी जाहीर केले की कुणी विजयी नाही आणि कुणी पराभूत नाही. प्रत्यक्षात बियाफ्रात ज्यांची बँकेत खाती होती त्यांना, आत कितीही रक्कम असली तरी, सरसकट वीस पौंड मिळाले. ओलाना बियाफ्राच्या नोटा चुलीत घालते. ओडेनिग्बो म्हणतो, तू आठवण जाळते आहेस; ती म्हणते, माझी आठवण माझ्या आत आहे. न्सुकाच्या घरी परतल्यावर त्यांना अंगणात जळालेल्या पुस्तकांचा ढीग सापडतो.

काइनेने परतलेली नसते. युद्ध संपता संपता, छावणीसाठी अन्न मिळवायला, ती शत्रूच्या हद्दीपलीकडच्या बाजारात गेली होती. असा व्यापार तेव्हा बायकाच करत, त्याला ‘आफिया अटॅक’ म्हणत. तिचे पुढे काय झाले ते कादंबरी सांगत नाही. बहीण शोधत राहते, रिचर्ड शोधत राहतो, वाचक शेवटच्या पानापर्यंत वाट पाहतो.

अदिचींचे आजोबा, वडिलांचे वडील, निर्वासितांच्या छावणीत वारले. मुलगा त्यांच्यापर्यंत पोचू शकला नाही, मधले रस्ते बंद होते. युद्ध संपल्यावर तो त्या गावी गेला आणि छावणीत मेलेल्यांना कुठे पुरले ते विचारले. लोकांनी एक मोकळी जागा दाखवली. तिथली मूठभर वाळू अदिचींच्या वडिलांनी उचलून घरी आणली, आणि मुलीला त्यांनी सांगितले की ती त्यांनी तेव्हापासून जपून ठेवली आहे.