पूर्व जर्मनीची विमाने : एकीकृत हवाई दलाने प्रत्यक्षात कोणती उडवली?

2 ऑक्टोबर 1990 च्या मध्यरात्री पूर्व जर्मनीचे सैन्य विसर्जित झाले आणि त्याच्या ताब्यातील सगळी विमाने व हेलिकॉप्टरे एकीकृत जर्मनीच्या मालकीची झाली. मिग-21, मिग-23, मिग-29, सुखोई-22, आन्तोनोव्ह-26, तुपोलेव्ह आणि इल्युशिन प्रवासी विमाने, मी-2, मी-8, मी-14 आणि मी-24 हेलिकॉप्टरे, शिवाय चेकोस्लोव्हाकियात बनलेली एल-39 आणि एल-410 असा हा ऐवज होता. तेव्हापासून जर्मन हवाई दलाच्या विमानांची यादी करणारे बहुतेक जण हे सर्व प्रकार एका रांगेत मांडतात आणि प्रत्येकापुढे 1990 हे सेवेत आल्याचे वर्ष लिहितात. विमान मालकीचे होणे आणि ते हवाई दलाने उडवणे या दोन वेगळ्या घटना आहेत. या ऐवजातल्या बऱ्याच मोठ्या भागाच्या बाबतीत यांपैकी फक्त पहिलीच घटना घडली.

पूर्व जर्मन हवाई दलाचा आधीचा इतिहास येथे दोन वाक्यांपुरता पुरेसा आहे. 1956 मध्ये स्थापना झाल्यापासून त्याची जवळजवळ सर्व लढाऊ विमाने सोव्हिएत बनावटीची होती आणि 1962 पासून मिग-21 हा त्याचा कणा होता. 1980 च्या दशकात नव्या पिढीची दोन विमाने आली : जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ल्यासाठी सुखोई-22 आणि 1988-89 मध्ये हवाई संरक्षणासाठी मिग-29. सप्टेंबर 1990 च्या अखेरीस जुन्या सैन्याची नियमित उड्डाणे थांबली, तेव्हा मिग-29 ची ही तुकडी जेमतेम दोन वर्षांची होती.

घोळाचे मूळ क्रमांकांत आहे. पूर्व जर्मनीच्या लष्करी विमानांवर तीन आकडी क्रमांक आणि काळ्या-लाल-सोनेरी चौकटीत हातोडा, कंपास व धान्याच्या लोंब्या असलेले चिन्ह असे. पश्चिमेकडील पद्धतीत दोन अंक, मध्ये लोहक्रूस (जर्मन सैन्याचे क्रूसाचे चिन्ह) आणि पुन्हा दोन अंक असा क्रमांक असतो. एकीकरणाच्या वेळी नव्या मालकाने मालमत्तेची नोंद म्हणून ताब्यात आलेल्या यंत्रांना आपल्या पद्धतीचे क्रमांक सरसकट बहाल केले. मिग-23 ला 20 पासून, सुखोई-22 ला 25 पासून, एल-39 ला 28 पासून, मिग-29 ला 29 पासून आणि मी-8 ला 93 पासून सुरू होणारी मालिका मिळाली. ही नोंद हिशेबासाठी आवश्यक होती, कारण प्रत्येक यंत्र कोठे आहे, त्याचे काय करायचे आणि शस्त्रनियंत्रण करारात ते कोणत्या रकान्यात मोजायचे हे ठरवावे लागणार होते. क्रमांक मिळाला म्हणजे वैमानिक, देखभाल पथक आणि उड्डाणाची परवानगीही मिळाली, असा अर्थ त्यातून निघत नाही.

पुढे हे क्रमांक रंगवण्याच्या बाबतीतही एकवाक्यता राहिली नाही. काही विमानांवर ते घाईने, जुन्या चिन्हावर रंगाचा चौकोन मारून त्यावर लिहिले गेले, काहींवर साठवणुकीच्या तळाकडे नेण्यापुरते लिहिले गेले आणि काहींवर कधीच लिहिले गेले नाहीत. मिग-21 चे छायाचित्र पाहून, त्यावर लोहक्रूस आहे म्हणून ते एकीकृत हवाई दलाच्या स्क्वाड्रनमध्ये होते असे ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे. छायाचित्राची तारीख, स्थळ आणि विमानाची अवस्था या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : इंजिनाच्या तोंडावर झाकणे आहेत का, चाकांखाली अडसर आहेत का, आजूबाजूला त्याच प्रकारची विमाने नुसती ओळीने उभी आहेत का. शिवाय जुने तीन आकडी क्रमांक काळाच्या ओघात एका विमानावरून दुसऱ्यावर गेलेले असत. त्यामुळे खात्रीचा धागा एकच उरतो, तो म्हणजे कारखान्याचा क्रमांक.

स्थळांच्या नावांनीही अभ्यासकाला चकवले आहे. सरकारी प्रवासी विमानांचा तळ ज्या गावी होता त्याचे नाव पूर्व जर्मनीच्या काळात मार्क्सवाल्डे होते आणि एकीकरणानंतर ते पुन्हा नॉयहार्डेनबर्ग झाले. जुन्या आणि नव्या कागदांत हे एकच गाव दोन तळ म्हणून नोंदले गेले, की एका विमानाची दोन विमाने होतात आणि यादी फुगते.

कोणते दल, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. मी-24 ही हल्ल्याची हेलिकॉप्टरे नव्या रचनेत भूदलाच्या हवाई शाखेकडे गेली, मी-14 आणि किनारपट्टीवरची मी-8 नौदलाकडे आली. जुन्या नौदलाचे एक सुखोई-22 पथकही होते आणि ते हवाई दलाच्या सुखोई पथकाच्या शेजारीच, रोस्टॉकजवळच्या लागे येथील तळावर राहत असे. ‘हवाई दलाने उडवली’ या सदराखाली ही सगळी यंत्रे घालणे हा निष्काळजीपणाच आहे. यादीचे शीर्षक ‘एकीकृत सशस्त्र दले’ असे ठेवले असते, तर निम्मा वाद मिटला असता.

मग हवाई दलाने खरोखर काय उडवले? लढाऊ विमानांपुरते उत्तर अगदी छोटे आहे : नियमित सेवेत फक्त मिग-29. सुखोई-22 आणि मिग-23 बव्हेरियातील मांखिंग येथील चाचणी केंद्राने काही काळ उडवली. त्या विमानांवर 98 पासून सुरू होणारे चाचणीचे क्रमांक होते आणि उद्देश यंत्र समजून घेण्याचा होता, सेवेत घेण्याचा नव्हे. मिग-21 ची संख्या सर्वांत मोठी होती, परंतु त्यांच्या वाट्याला साठवणूक, तोडणी, संग्रहालये आणि परदेशांना भेट म्हणून दिले जाणे एवढेच आले. एल-39 ही प्रशिक्षण विमाने वापरण्यास योग्य असूनही एकीकृत दलाच्या प्रशिक्षणात त्यांना जागा मिळाली नाही. त्यांपैकी 20 विमाने 1993 मध्ये हंगेरीला देण्यात आली आणि तेथे ती वर्षानुवर्षे उडाली. मिळालेले विमान हंगेरीने सेवेत घेतले आणि देणाऱ्याने कधीच घेतले नाही, हा तपशील याद्यांत हमखास उलटा लिहिलेला आढळतो.

वाहतुकीच्या बाबतीत चित्र वेगळे आहे आणि त्याकडे फारच कमी लक्ष दिले गेले आहे. आन्तोनोव्ह-26, एल-410, तुपोलेव्ह-134, तीन इल्युशिन-62 आणि दोन तुपोलेव्ह-154 ही विमाने एकीकृत हवाई दलाने खऱ्याखुऱ्या कामासाठी उडवली. त्यांत मंत्री, अधिकारी आणि सामान यांची ने-आण झाली. मी-8 हेलिकॉप्टरे शोध आणि बचावकार्यासाठी 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत पूर्वेकडील भागात उपयोगी पडली. पूर्व जर्मनीच्या विमान कंपनीकडून आलेली तीन एअरबस ए-310 तर अधिक काळ टिकली. ती वारशात आली असली तरी सोव्हिएत नसल्याने या टिपणाबाहेरची आहेत. तुपोलेव्ह-154 पैकी एक, 11+02 क्रमांकाचे, आकाशातून परस्पर पाहणी करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारासाठी खास सुसज्ज करण्यात आले होते. 13 सप्टेंबर 1997 रोजी नामिबियाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर त्याची अमेरिकी हवाई दलाच्या सी-141 या वाहतूक विमानाशी टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील 33 जणांचा मृत्यू झाला. वारशातील यंत्रांपैकी ज्याचे काम सर्वांत आधुनिक म्हणावे असे होते, तेच असे गेले.

सर्वांत जास्त वाद झाला तो मिग-29 ठेवण्याच्या निर्णयावर, आणि त्याला अधिक जागा देणे भाग आहे. वारशात अशी 24 विमाने होती, 20 एकआसनी आणि 4 दोन आसनी, आणि त्यांचा तळ पोलंडच्या सीमेजवळ प्रेशेन येथे होता. विरोधातील मुद्दे सोपे आणि वजनदार होते. सुटे भाग परदेशी आणि तेही कालपर्यंत शत्रू मानलेल्या देशाकडून येणार. इंजिनाचे दुरुस्तीपूर्व आयुष्य पाश्चात्त्य मापाने फार कमी. पोटातले इंधन अपुरे, त्यामुळे पल्ला आखूड. आणि एवढ्या छोट्या ताफ्यासाठी वेगळी देखभाल, वेगळे प्रशिक्षण व वेगळी शस्त्रास्त्रे पोसावी लागणार. त्यात 12 सप्टेंबर 1990 च्या करारानुसार सोव्हिएत फौजा परत जाईपर्यंत जुन्या पूर्व जर्मनीच्या भूमीवर नाटो या लष्करी आघाडीच्या संयुक्त रचनेत सामील असलेल्या तुकड्या ठेवता येत नव्हत्या. शस्त्रनियंत्रणाचा दबावही होताच : नोव्हेंबर 1990 मध्ये स्वाक्षरी झालेल्या युरोपातील पारंपरिक शस्त्रास्त्रांविषयीच्या करारात एकीकृत जर्मनीला लढाऊ विमानांची कमाल मर्यादा 900 ठरली होती. जुने प्रकार मोडीत काढून ही मर्यादा गाठणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता.

बाजूने बोलणाऱ्यांकडे चाचण्यांचे निष्कर्ष होते. हे विमान हवेतल्या जवळच्या लढाईत किती चपळ आहे, हे पाश्चिमात्य वैमानिकांना प्रथमच जवळून पाहता येत होते. वैमानिकाच्या हेल्मेटला जोडलेले नेम धरण्याचे साधन आणि त्यासोबतचे आर-73 क्षेपणास्त्र यांच्या जोडीने, विमानाचे नाक वळवण्याआधीच बाजूच्या लक्ष्यावर नेम बसत असे, आणि त्या वेळी पाश्चात्त्य ताफ्यात यास तोड नव्हती. नवे युरोपीय लढाऊ विमान (युरोफायटर) अजून वर्षानुवर्षे दूर होते. 25 जुलै 1991 रोजी मिग-29 ठेवण्याचे ठरले आणि पाचच महिन्यांत, डिसेंबर 1991 मध्ये, सोव्हिएत संघच विसर्जित झाला. सुट्या भागांविषयीची शंका घेणारे बरोबर ठरले असते, परंतु उद्योगांनी पुढे देखभालीसाठी संयुक्त व्यवस्था उभी केली आणि ताफा चालू राहिला.

या निर्णयाबद्दल लिहिताना तांत्रिक बाजूच सांगण्याची पद्धत पडली आहे. माणसांची बाजू मागे पडते, आणि ती महत्त्वाची आहे. जुन्या सैन्यातील लढाऊ वैमानिकांपैकी बहुतेकांचे उड्डाण एकीकरणाने थांबले. ज्यांना नव्या दलात घेतले, त्यांतल्या अनेकांना आपल्या जुन्या हुद्द्यापेक्षा खालचा हुद्दा स्वीकारावा लागला. मिग-29 ची तुकडी ही अशी एकमेव जागा होती, जिथे पूर्वेचा वैमानिक आपल्या जुन्या विमानावर बसून पश्चिमेच्या वैमानिकाला शिकवू शकत होता. आपल्याला जे सर्वोत्तम मिळाले होते ते टाकून न देणे हा व्यवहारी निर्णय होताच, पण पूर्वेकडील सैनिकांसाठी तो आदराचाही होता. तो घेणाऱ्यांना याचे भान होते, असे माझे मत आहे.

विमानांमध्येही बदल झाले. रशियन खुणांच्या जागी इंग्रजी पाट्या आल्या, उंची व वेग मीटर आणि किलोमीटरऐवजी फूट आणि नॉट या एककांत दाखवले जाऊ लागले, ओळख पटवणारी यंत्रणा आणि रेडिओ बदलले. अशा बदललेल्या विमानांना मिग-29जी आणि दोन आसनींना मिग-29जीटी म्हटले गेले. 1 जून 1993 रोजी नवी विंग स्थापन झाली. ती पश्चिमेकडील फँटम विमानांच्या एका तुकडीला मिग-29 च्या तुकडीशी जोडणारी होती, आणि डिसेंबर 1993 मध्ये मिग लागे येथे हलवले गेले. म्हणजे मूळ सुखोई-22 साठी बांधलेल्या तळावर शेवटी मिग-29 आले. आजही लागे आणि सुखोई यांचा संबंध जोडून ‘एकीकृत दलाची सुखोई विंग’ असा उल्लेख केला जातो, तो या तळामुळे. तशी विंग कधी नव्हती.

25 जून 1996 रोजी ड्रेविट्झजवळ एक मिग-29 कोसळले आणि वैमानिक बाहेर पडून वाचला. उरलेल्या 23 पैकी एक विमान लागे येथे स्मारक म्हणून ठेवले गेले आणि 22 विमाने 2003 ते ऑगस्ट 2004 दरम्यान प्रत्येकी एक युरो एवढ्या प्रतीकात्मक किमतीला पोलंडला दिली गेली. एप्रिल 2004 मध्ये नवे युरोपीय लढाऊ विमान लागे येथे पोहोचले होते, त्यामुळे काही महिने दोन्ही पिढ्या एकाच तळावर होत्या. पोलंडला मिळालेल्या 22 पैकी 14 विमानांची दुरुस्ती करून ती मालबॉर्क येथे सेवेत आली आणि बाकीची सुट्या भागांच्या कामी आली. मिळालेली संख्या आणि उडालेली संख्या यांतला फरक तेथेही तसाच आहे.

भारतीय वाचकाला ही गोष्ट तितकी दूरची वाटू नये. याच काळात, 1987 पासून, मिग-29 पुण्याच्या लोहगाव तळावर भारतीय हवाई दलाच्या सेवेत होते, आणि नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांची बांधणी व दुरुस्ती कित्येक दशके चालली. जर्मन अभ्यासकांना नंतर कळलेल्या इंजिनाच्या आयुष्याच्या अडचणी तेथील कारागिरांच्या रोजच्या कामाचा भाग होत्या.

अलीकडच्या घटनांनी या जुन्या यादीला कायदेशीर महत्त्व आणले आहे. पोलंडकडील मिग-29 तीन वाटांनी आले : 12 विमाने 1989-90 मध्ये थेट सोव्हिएत संघाकडून, 10 विमाने चेक प्रजासत्ताकाकडून हेलिकॉप्टरांच्या बदल्यात आणि 22 जर्मनीकडून. युक्रेनला विमाने देण्याची वेळ आली तेव्हा पहिल्या दोन वाटांच्या विमानांसाठी बर्लिनची संमती लागली नाही, परंतु तिसऱ्या वाटेने आलेल्यांसाठी लागली. 13 एप्रिल 2023 रोजी पूर्व जर्मनीच्या वारशातील पाच विमाने पुढे देण्यास जर्मन सरकारने परवानगी दिली. ती पाच नेमकी कोणती हे ठरवायला कारखान्याच्या क्रमांकापासून 29 च्या मालिकेपर्यंत आणि तेथून पोलिश नोंदीपर्यंतची साखळी प्रत्येक विमानासाठी जोडून ठेवलेली असणे आवश्यक होते.