फ्रॅकिंग आणि जमीनमालक : पेनसिल्व्हेनियाचा मारसेलस पट्टा

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मारसेलस या शेल (चिखलापासून बनलेल्या थरदार) खडकातून नैसर्गिक वायू काढण्यासाठी केले जाणारे फ्रॅकिंग, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडणे, आणि त्यामुळे तिथल्या शेतकऱ्यांपुढे, घरमालकांपुढे व गावांपुढे उभे राहिलेले पाण्याचे, पैशाचे, आरोग्याचे व हक्कांचे प्रश्न, हा या लेखाचा विषय. मारसेलस खडक न्यूयॉर्क, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियातही पसरला आहे. न्यूयॉर्कने २०१४ मध्ये फ्रॅकिंगबंदी जाहीर केली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियात त्याच काळात वायूच्या हजारो विहिरी झाल्या. त्यामुळे एकाच खडकावरच्या दोन राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या वाट्याला अगदी वेगळे अनुभव आले.

मारसेलस हा सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचा, डेव्होनियन काळातला काळा शेल. राज्याच्या बऱ्याच भागात तो दीड ते अडीच किलोमीटर खोल आहे. २००४ मध्ये रेंज रिसोर्सेस कंपनीने वॉशिंग्टन कौंटीत टेक्सासच्या बार्नेट शेलमधले तंत्र येथे प्रथम वापरले आणि २००८ पर्यंत भाडेपट्ट्यांची, म्हणजे वायू काढण्यासाठी जमीनमालकांशी करार करण्याची, धावपळ सुरू झाली. विहीर आधी सरळ खाली नेतात, शेलजवळ वळवतात आणि दीड ते तीन किलोमीटर, अलीकडे त्याहूनही लांब, आडवी पुढे नेतात. मग टप्प्याटप्प्याने नळीला भोके पाडून प्रचंड दाबाने पाणी व वाळू सोडतात. खडकाला बारीक भेगा पडतात आणि वाळूचे कण त्या मिटू देत नाहीत. सुरुवातीच्या काळात एका विहिरीला दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागे. आडवी लांबी वाढली तसे हे प्रमाणही वाढले. मिश्रणात रसायने अर्धा ते दोन टक्केच असतात : घर्षण कमी करणारे पॉलिअ‍ॅक्रिलामाइड, जंतुनाशक ग्लुटारअल्डिहाइड, हायड्रोक्लोरिक आम्ल वगैरे. पण दोन कोटी लिटरचा अर्धा टक्का म्हणजे एक लाख लिटर, आणि ही रसायने शेताच्या कडेने, टँकरमधून, अरुंद रस्त्यांवरून येतात.

पाणी बिघडते कुठे

घरगुती बोअर बहुधा तीस ते शंभर मीटर खोल असते. शेल आणि ते पाणी यांच्यामध्ये किलोमीटरभराहून जास्त खडक असतो, त्यामुळे भेग थेट वर पाण्यापर्यंत पोचण्याची शक्यता कमीच. ‘फ्रॅकिंगने पिण्याचे पाणी दूषित होत नाही’ हे कंपन्यांचे विधान या अरुंद अर्थाने बरेचसे खरे आहे आणि म्हणूनच फसवे. भेग वर आली नाही, तरी विहीर स्वतः पिण्याच्या पाण्याच्या थरातून खाली गेलेली असते.

विहिरीत एकात एक पोलादी नळ्या बसवतात. पृष्ठभागाजवळची नळी गोड्या पाण्याच्या थराखाली नेऊन तिच्याभोवतीची पोकळी सिमेंटने भरायची असते. भोक नीट धुतले नसेल, नळी मधोमध बसली नसेल किंवा घट्ट होताना सिमेंटमध्ये वायू शिरला, तर त्यात उभ्या वाटा राहतात. मधल्या, कमी खोलीच्या थरांतला वायू या वाटांनी वर चढतो आणि शेजारच्या बोअरमध्ये उतरतो. म्हणजे पुष्कळदा मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) मारसेलसचा नसतोच. विहिरीने वाटेत उघडलेल्या थराचा असतो.

मिथेनला चव नाही, वास नाही. पाण्यात तो लिटरला सुमारे २८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळतो. दाब कमी झाला की बाहेर पडून बंद पंपघरात किंवा तळघरात साचतो. हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो. नळाचे पाणी पांढरे, फेसाळ येणे, पंप मधेच हवा ओढणे, पाणी अचानक गढूळ होणे या खुणा दिसल्या तर बोअरच्या झाकणाला वायू बाहेर सोडणारी नळी बसवणे आणि खोलीत वायुमापक लावणे ही पहिली कामे. पाणी उकळून मिथेनचा प्रश्न सुटत नाही, उलट तो घरात सुटतो.

ससक्वेहाना कौंटीतले डिमॉक हे गाव या प्रश्नाचे नाव बनले आहे. १ जानेवारी २००९ रोजी तिथल्या एका घराच्या बोअरमध्ये स्फोट झाला. राज्याच्या पर्यावरण खात्याने कॅबट ऑइल अँड गॅस कंपनीच्या सदोष विहिरींना जबाबदार धरले, सुमारे नऊ चौरस मैलांत नव्या विहिरी थांबवल्या, आणि डिसेंबर २०१० मध्ये सुमारे ४१ लाख डॉलरची तडजोड झाली. कंपनीचे म्हणणे असे, की या भागात मिथेन आधीपासूनच होता. ते निराधार नव्हते. जवळच्या सॉल्ट स्प्रिंग्ज उद्यानात झऱ्यांतून वायूचे बुडबुडे येतात. पण एखाद्या विशिष्ट बोअरमध्ये तो आधी होता का, हे ठरवायला आधीची नोंद लागते, आणि बहुतेकांकडे ती नव्हती. २०२० मध्ये फौजदारी आरोप झाले. २०२२ मध्ये, कॅबटची कोटेरा झाल्यावर, कंपनीने आरोपांना आव्हान न देता सार्वजनिक नळयोजनेसाठी १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर देण्याचे मान्य केले. पहिल्या स्फोटापासून या तडजोडीपर्यंत तेरा वर्षांहून जास्त काळ गेला.

डिमॉकने शिकवलेली गोष्ट साधी आहे : ड्रिलिंगआधीचा पाणी तपासणी अहवाल हाच पुरावा. राज्याच्या २०१२ च्या अ‍ॅक्ट १३ नुसार, विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत आणि काम संपल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडले तर दोष कंपनीचा असे गृहीत धरले जाते. उलट सिद्ध करायचे ते कंपनीने. मात्र आधीची तपासणी करायला कंपनीचे माणसे आली असता मालकाने नाकारले असेल, तर हे संरक्षण जाते. तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने करायची आणि नमुना तिच्याच माणसाने घ्यायचा. घरच्या बाटलीत भरून नेलेला नमुना कोर्टात टिकत नाही. मिथेन व इथेन, क्लोराइड, बेरियम, स्ट्राँशियम, ब्रोमाइड, एकूण विरघळलेले क्षार, लोह, मँगनीज, बेंझीनगट आणि जिवाणू एवढे तरी तपासावे. मिथेन ऋतूनुसार बदलतो, म्हणून शक्य असेल तर दोन नमुने. गावकरी नेमकी इथेच काटकसर करतात.

दुसरी वाट खारट सांडपाण्याची. भेगा पाडल्यावर काही पाणी परत येते, आणि त्यात शेलमधले क्षार, बेरियम, ब्रोमाइड व रेडियम विरघळलेले असतात. समुद्राच्या पाण्याहून ते कितीतरी पट खारे असू शकते. सुरुवातीला ते नगरपालिकांच्या शुद्धीकरण केंद्रांतून नद्यांत सोडले गेले. त्या केंद्रांना क्षार काढता येत नाहीत, आणि ब्रोमाइडमुळे खालच्या गावांच्या क्लोरिनयुक्त पाण्यात हानिकारक संयुगे बनतात. २०११ च्या एप्रिलमध्ये राज्याने कंपन्यांना हे मे महिन्यापर्यंत थांबवायला सांगितले. आता बरेचसे पाणी पुढच्या विहिरीत वापरले जाते, आणि उरलेले बहुधा ओहायोतल्या खोल विहिरींत ढकलले जाते. ३१ डिसेंबर २०११ रोजी ओहायोच्या यंग्सटाउनजवळ सुमारे ४ रिश्टरचा भूकंप झाला, तो अशा विहिरीशी जोडला गेला.

भाडेपट्टा

पाण्यापेक्षा जास्त कुटुंबांना कागदाने घोळात टाकले. अमेरिकेत जमिनीखालचे खनिज खासगी मालकीचे असू शकते आणि ते जमिनीपासून वेगळे विकताही येते. पणजोबांनी १९१० मध्ये वायूचे हक्क विकले असतील, तर आजच्या मालकाला रॉयल्टी नाही, आणि वापर ‘वाजवी’ असेल तोवर वरच्या जमिनीवर विहीर घेण्याला अडथळाही करता येत नाही. म्हणून आधी कौंटीच्या नोंदणी कार्यालयात मालकीची साखळी तपासायची. भारतात वायूचा हक्क सरकारकडे असतो; शेतकऱ्याला जमिनीची भरपाई मिळते, रॉयल्टी नाही. अमेरिकेतल्या सगळ्या व्यवहाराची गोम या फरकात आहे.

पट्ट्यात दोन प्रकारचे पैसे असतात : सही करताना एकरी मिळणारा बोनस आणि उत्पादनावरची रॉयल्टी. डिमॉकमधल्या सुरुवातीच्या पट्ट्यांना एकरी २५ डॉलर मिळाले. दोन-तीन वर्षांत शेजारच्या शेतांना काही हजार मिळू लागले. रॉयल्टीची किमान पातळी राज्याच्या १९७९ च्या कायद्याने एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के आहे. पण ती कशाच्या साडेबारा टक्के? २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने किल्मर खटल्यात ठरवले, की वायू गोळा करणे, दाबणे, वाहून नेणे हा खर्च आधी वजा करता येईल. वायू २ डॉलरला विकला आणि कंपनीने १ डॉलर खर्च दाखवला, तर रॉयल्टी उरलेल्या १ डॉलरवर. वायू स्वस्त झाल्यावर काहींच्या धनादेशांत जवळजवळ काहीच उरले नाही.

हिशेब असा : ६४० एकरांच्या एककात (विहिरींसाठी एकत्र धरलेल्या जमिनीत) आपले ४० एकर असतील तर वाटा ४० भागिले ६४०, गुणिले साडेबारा टक्के, म्हणजे ०.७८ टक्के. महिन्याला एक लाख डॉलरचा वायू निघाला तर ७८१ डॉलर, तेही कपातीआधी. शिवाय पहिल्याच वर्षात उत्पादन निम्म्याहून जास्त घटते, त्यामुळे पहिल्या वर्षाचा धनादेश धरून कर्ज काढणारे अडचणीत येतात.

मुदत सहसा पाच वर्षांची. पण पट्ट्यातल्या एखाद्या कोपऱ्यातही विहीर सुरू झाली की संपूर्ण जमीन उत्पादन चालेपर्यंत अडकते. हे टाळायला ‘प्यू’ कलम घालून घ्यावे : एककाबाहेरची जमीन आणि मारसेलसखेरीज इतर खोली मुदतीनंतर मोकळी. याखेरीज खर्चकपातीला मनाई, जमिनीवर काहीच न बांधण्याची अट, आधीच्या पाणी तपासणीचा खर्च कंपनीने देणे, पट्टा दुसऱ्याला विकल्यास जबाबदारी कायम राहणे, आणि पाइपलाइनचा करार वेगळा असणे, या गोष्टी मागण्याजोग्या. छापील फॉर्मात पाइपलाइन, साठवण, कॉम्प्रेसर हे सगळे ओघात घातलेले असते. बोलणी सहीआधीच, नंतर कंपनीला काही द्यायचे कारण उरत नाही. अनेक शेजाऱ्यांनी एकत्र येऊन बोलणी केली, तर भाव आणि अटी दोन्ही सुधारतात.

सही न करणाऱ्याचेही प्रश्न सुटत नाहीत. मारसेलस ओनोंडागा चुनखडकाच्या वर असल्यामुळे राज्याचा १९६१ चा सक्तीच्या एकत्रीकरणाचा (सही न केलेली जमीनही एककात घेण्याचा) कायदा त्याला लागू होत नाही. त्याखालच्या युटिका शेलला होतो. पण २०२० मध्ये ब्रिग्ज खटल्यात न्यायालयाने म्हटले, की शेजारच्या विहिरीतून वायू तिकडे गेला एवढ्यावरून दावा टिकत नाही. भेग प्रत्यक्ष हद्दीत शिरल्याचा पुरावा हवा. दीड-दोन किलोमीटर खोलीवर हे सिद्ध करणे सोपे नाही.

दोन छुपे खर्च लोक विसरतात. शेतजमिनीची करसवलत घेतलेली असेल तर विहिरीच्या तुकड्यावर मागील वर्षांचा फरक भरावा लागू शकतो. आणि गहाणखतात सावकाराच्या परवानगीशिवाय पट्टा देऊ नये असे कलम बहुधा असतेच.

गाव, रस्ते, हवा

विहिरीच्या चौथऱ्याला चार-सहा एकर लागतात आणि एका विहिरीसाठी जड ट्रकांच्या हजाराच्या घरात फेऱ्या होतात. डांबरी रस्त्यासाठी कंपनीकडून मैलाला १२,५०० डॉलर तारण घ्यायची राज्याची तरतूद आहे. रस्ता नव्याने करायचा खर्च याहून खूप जास्त, त्यामुळे गावांनी कंपनीशी वेगळा दुरुस्ती करार करणे पत्करले. फ्रॅकिंगच्या वाळूची सिलिका धूळ कामगारांच्या फुप्फुसांना घातक असल्याचा इशारा २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने दिला. रात्रंदिवस चालणारे कॉम्प्रेसर आणि डिझेल इंजिने आवाज व धूर देतात. २०२३ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या अभ्यासांत विहिरींजवळ राहणाऱ्यांत दम्याचे झटके, कमी वजनाची बाळे आणि मुलांतील लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) यांच्याशी संबंध आढळला. युइंग ट्यूमर या मुलांतील हाडांच्या कर्करोगाशी आढळला नाही. संबंध म्हणजे कारण नव्हे, पण अंतर ठरवताना तो दुर्लक्षण्याजोगाही नाही. कायद्यात घरापासून ५०० फूट अंतर पुरेसे मानले आहे.

अ‍ॅक्ट १३ ने विहिरींवर शुल्क लावले आणि त्यातला मोठा वाटा गावांना मिळतो. बदल्यात गावांचे क्षेत्ररचनेचे (कुठे काय उभारता येईल ते ठरवण्याचे) अधिकार काढून घेतले होते, तो भाग रॉबिन्सन टाउनशिप खटल्यात २०१३ मध्ये रद्द झाला. आंतरराज्य पाइपलाइनला मात्र संघीय प्रमाणपत्र मिळाले की सक्तीने जमीन घेता येते. २०१६ मध्ये ससक्वेहाना कौंटीत एका कुटुंबाची साखरी मेपलची झाडे सशस्त्र मार्शलांच्या पहाऱ्यात तोडली गेली, ती कॉन्स्टिट्यूशन पाइपलाइनसाठी. न्यूयॉर्कने पाण्याची परवानगी नाकारली आणि २०२० मध्ये कंपन्यांनी तो प्रकल्प सोडून दिला.

या शेलव्यवसायाचे धागे भारतापर्यंतही पोचतात. मुंबईच्या रिलायन्स इंडस्ट्रीजने २०१० मध्ये अ‍ॅटलस एनर्जीच्या मारसेलस जमिनींत ४० टक्के वाटा घेतला होता. अमेरिकी शेलक्रांतीने शक्य झालेल्या निर्यातीतला, लुइझियानाच्या सबाइन पास येथून दीर्घकालीन कराराने आलेला ‘गेल’ या भारतीय सरकारी वायू कंपनीचा पहिला द्रवरूप वायू २०१८ च्या मार्चमध्ये दाभोळला उतरला.

विहीर संपल्यावर ती सिमेंटने बुजवायची जबाबदारी कंपनीची. राज्यात १८५९ पासून तेल खोदले जाते, आणि लाखो जुन्या विहिरींचा नकाशाच नाही. नवी विहीर फ्रॅक करताना दाब अशा जुन्या भोकातून वर आल्याच्या घटना आहेत. म्हणून पट्ट्याआधी शेतातली पडीक भोके दाखवून द्यावीत. खोल विहिरींसाठी कंपनीला राज्याकडे ठेवावे लागणारे तारण विहिरींच्या संख्येनुसार वाढते, पण अ‍ॅक्ट १३ प्रमाणे एकूण कमाल मर्यादा ६ लाख डॉलर, मग विहिरी कितीही असोत. कंपनी दिवाळखोर झाली तर बाकीचा खर्च राज्याच्या तिजोरीवर येतो, आणि तोवर उघडी विहीर मालकाच्या शेतात राहते.